नको त्या ओळी काढताना हव्या त्या कुठे जातात? डेटाबेसच्या फिल्टरबद्दल, साध्या भाषेत

एक हिशोब बघा. वाचनालयाच्या सभासदांचं टेबल आहे, एकूण ओळी १०००. डेटाबेसला विचारलं, स्थिती 'बंद' असलेले सभासद किती? उत्तर आलं ३००. मग उलटं विचारलं, स्थिती 'बंद' नसलेले किती? आपण मनात ७०० धरून बसलेलो आणि उत्तर येतं ५५०. दीडशे माणसं ना इकडे ना तिकडे. कुणी डिलीट केलेली नाहीत, टेबलात जिथल्या तिथे आहेत, पण दोन्ही याद्यांतून गायब.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका संस्थेच्या कामात. सगळ्या सभासदांना एक सूचना पाठवायची होती, फक्त बंद झालेले वगळून. यादी काढली, सूचना गेली, सगळं सुरळीत. दोन आठवड्यांनी कळलं की अगदी नवीन नोंदणी झालेल्या एकालाही सूचना मिळाली नव्हती, कारण त्यांची स्थिती अजून कुणी भरलीच नव्हती, तो रकाना कोरा होता. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही, लाल अक्षर नाही. डेटाबेसला आम्ही जे लिहून दिलं होतं तेच त्याने केलं होतं, पण आम्हाला म्हणायचं होतं ते वेगळंच होतं.

कंप्युटरवर रिपोर्ट काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं आणि बऱ्याच जणांना भेटलं तरी कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पाया: व्हेअर नेमकं काय विचारतं

टेबल म्हणजे आखलेलं रजिस्टर समजा. आडवी ओळ म्हणजे एका माणसाची किंवा वस्तूची नोंद, उभा रकाना म्हणजे कॉलम. क्वेरी म्हणजे त्या रजिस्टरला विचारलेला प्रश्न, आणि त्या प्रश्नात अट घालायची जागा म्हणजे व्हेअर. एवढे शब्द पुरे आहेत.

एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने १९७० साली टेबलांचा हा सगळा विचार मांडला आणि त्यावरून १९७४ मध्ये आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी जी भाषा मांडली तिलाच आज आपण एसक्यूएल म्हणतो. त्या भाषेत आपण "कसं शोध" हे सांगत नाही, "काय हवंय" तेवढं सांगतो. पहिला शब्दच सिलेक्ट, म्हणजे निवड. आणि इथेच आपली गडबड सुरू होते, कारण आपल्या डोक्यात असतं "हे काढून टाक" आणि व्हेअरला काढून टाकणं हा प्रकारच माहीत नाही.

व्हेअर प्रत्येक ओळीपाशी थांबतं आणि एकच प्रश्न विचारतं: हिला ठेवू का? उत्तर स्वच्छ "हो" आलं तर ओळ पुढे जाते. बाकी काहीही आलं तर ओळ तिथेच राहते. "बंद असलेले नकोत" असं आपण म्हणतो तेव्हा डेटाबेस ते "जे बंद नाहीत अशी खात्री आहे, तेवढेच ठेव" असं ऐकतो. खात्री हा शब्द महत्त्वाचा आहे, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

नल म्हणजे "नाही" नव्हे, "माहीत नाही"

कॉलममध्ये काही भरलेलंच नसेल तर तिथे नल असतं. नल म्हणजे शून्य नाही, मोकळी जागा नाही, 'काही नाही' असंही नाही. नल म्हणजे इथे काय आहे ते माहीत नाही.

बंद पाकीट डोळ्यांसमोर आणा. आत एक चिठ्ठी आहे, तिच्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही. आता मी विचारलं, चिठ्ठीवर 'बंद' लिहिलंय का? प्रामाणिक उत्तर: माहीत नाही. बरं, 'बंद' लिहिलेलं नाहीये ना? तरीही उत्तर: माहीत नाही. प्रश्न उलटा केला म्हणून पाकीट काही उघडत नाही. दोन बंद पाकिटं शेजारी ठेवून विचारलं की दोन्हींत एकच लिहिलंय का, तरी तेच उत्तर, म्हणून डेटाबेसमध्ये नल बरोबर नल हेसुद्धा "हो" होत नाही.

म्हणजे डेटाबेसकडे उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: हो, नाही, माहीत नाही. व्हेअर फक्त "हो"ला आत घेतं. वरचे १५० सभासद हे १५० बंद पाकिटं होती. "बंद आहे का" ला माहीत नाही, "बंद नाही का" ला पण माहीत नाही, दोन्ही वेळा बाहेर.

गंमत म्हणजे त्याच डेटाबेसमध्ये याच्या बरोबर उलटी वागणूक पण आहे. टेबलात चुकीचा डेटा शिरू नये म्हणून चेक नावाचा नियम लावता येतो, समजा वय १८ च्या वर हवं. तो नियम विचारतो की हिला अडवू का, आणि स्वच्छ "नाही बसत" असेल तरच अडवतो. वय नल असेल तर उत्तर "माहीत नाही" आणि ओळ खुशाल आत. एकच कोरा रकाना, आत येताना त्याला कुणी अडवत नाही आणि यादीत मात्र कुणी घेत नाही. त्यामुळेच असे कोरे रकाने टेबलात साचत जातात आणि वर्षानुवर्षं दिसत नाहीत.

मग लिहायचं कसं

सरळ उपाय म्हणजे कोऱ्यांचं काय करायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगणे. नुसतं

व्हेअर स्थिती != 'बंद'

असं (!= म्हणजे 'च्या बरोबर नाही') न लिहिता

व्हेअर (स्थिती != 'बंद' ऑर स्थिती इज नल)

असं लिहायचं. नल तपासायला बरोबरचं चिन्ह चालत नाही, इज नल असंच लिहावं लागतं, कारण पाकिटाची तुलना करता येत नाही, ते न उघडलेलं आहे का एवढंच विचारता येतं.

दुसरा मार्ग म्हणजे इज डिस्टिंक्ट फ्रॉम. स्थिती इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'बंद' म्हटलं की नलला 'बंद'पेक्षा वेगळा धरलं जातं आणि ओळ राहते. डेटाबेसचे वेगवेगळे प्रॉग्राम असतात, त्यांपैकी पोस्टग्रेसमध्ये हे खूप आधीपासून आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०२२ च्या आवृत्तीत आलं. मला स्वतःला हे जास्त आवडतं, वाचताना अर्थ लगेच लागतो.

तिसरा मार्ग बरेच जण वापरतात, कोअलेस, म्हणजे नल असेल तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी धर. यात एक बारीक खड्डा आहे. नलच्या जागी मोकळी स्ट्रिंग, म्हणजे दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये काहीच नाही अशी, धरायला सांगितली तर बाकी ठिकाणी चालतं पण ओरॅकल हा डेटाबेस मोकळ्या स्ट्रिंगलाच नल मानतो, म्हणजे नलच्या जागी परत नल आणि ओळ परत गायब. तिथे 'भरलेलं नाही' असा काहीतरी खराखुरा शब्द द्यायचा.

नॉट इन: एका कोऱ्या रकान्यामुळे आख्खी यादी रिकामी

या सगळ्या प्रकारातली सगळ्यात वाईट जागा ही आहे, त्यामुळे इथे थोडं थांबूया.

समजा दुसरं टेबल आहे, पुस्तक-नोंदी. कुठलं पुस्तक कुठल्या सभासदाने नेलं ते त्यात लिहिलेलं असतं. कधीकधी सभासद नसलेला कुणी येतो, जागेवर बसून पुस्तक वाचून जातो, त्याची नोंद होते पण सभासद नंबर कोरा राहतो. आता ज्यांनी एकही पुस्तक नेलं नाही असे सभासद हवेत. मनात येणारी पहिली क्वेरी अशी असते: सभासदांमधून ते दे ज्यांचा नंबर पुस्तक-नोंदींतल्या नंबरांत नाही. म्हणजे नंबर नॉट इन, आणि पुढे कंसात दुसरी क्वेरी.

कंसातून समजा आलं ३, ५ आणि एक नल. सभासद नंबर ४ ची पाळी आली. डेटाबेस नॉट इन उलगडून असं वाचतो: ४ हा ३ नाही, आणि ४ हा ५ नाही, आणि ४ हा त्या पाकिटातला नंबर नाही. पहिलं हो, दुसरं हो, तिसरं माहीत नाही. तिन्ही एकदम खरे हवेत म्हणून एकूण उत्तर: माहीत नाही. नंबर ४ बाहेर. नंबर ३ तर आधीच "३ हा ३ नाही" इथे अडकून बाहेर. ६, ७, ८, सगळ्यांचं ४ सारखंच. म्हणजे दहा हजार सभासद असले आणि पुस्तक-नोंदींत एकच रकाना कोरा असला तरी उत्तरात शून्य ओळी.

आणि लोक काय समजतात? की वा, पुस्तक न नेलेलं कुणीच नाही! शून्य हे उत्तर इतकं खरं वाटतं की कुणी परत बघत नाही.

साधं इन मात्र व्यवस्थित चालतं, कारण तिथे एक जरी जुळला तरी पुरतं, ३ हा ३ ला जुळला की "हो" आणि पाकिटात काय आहे याने फरक पडत नाही. त्यामुळे इन वापरून हात बसलेला माणूस त्याच्यापुढे नॉट लावतो आणि फसतो. चाचणीच्या वेळी तो कोरा रकाना नसतो, सहा महिन्यांनी कुणीतरी तशी नोंद करतं आणि कालपर्यंत बरोबर येणारा रिपोर्ट आज रिकामा.

इथे नॉट एक्झिस्ट्स वापरा. तो विचारतो, या सभासदाशी जुळणारी एक तरी नोंद आहे का? असेल किंवा नसेल, "माहीत नाही" असं उत्तर एक्झिस्ट्स कधी देतच नाही. पाकीटवाली नोंद कुणाशीच जुळत नाही, म्हणजे ती तिच्या जागी राहते आणि कुणाला त्रास देत नाही. माझं स्पष्ट मत आहे, कंसात दुसरी क्वेरी असेल तर नॉट इन लिहूच नये. हाताने टाकलेली दोन-चार आकड्यांची यादी असेल तर चालेल, आणि तेव्हाही मूळ कॉलम कोरा असू शकतो हे लक्षात ठेवून.

बोलण्यातलं "किंवा" आणि क्वेरीतलं ऑर

आपण सहज म्हणतो, "बंद किंवा निलंबित सभासद नकोत." बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही. पण हेच जसंच्या तसं उतरवलं:

व्हेअर स्थिती != 'बंद' ऑर स्थिती != 'निलंबित'

तर एकही भरलेली ओळ गळत नाही. बंद सभासद घ्या, तो निलंबित नाहीये ना, मग दुसरी अट "हो", ठेवा. निलंबित घ्या, तो बंद नाहीये, ठेवा. प्रत्येक जण दोघांपैकी एक तरी नसतोच. इथे ऑर नाही, अँड हवा: बंद नाही आणि निलंबितही नाही. एकोणिसाव्या शतकातले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो, की नकार आत नेला की किंवाचं आणि होतं, आणिचं किंवा होतं.

त्यातच अँड आणि ऑर एकत्र आले की अँड आधी जोडला जातो, जसा गणितात गुणाकार आधी होतो. म्हणून कंस घाला. गरज नसली तरी घाला, त्याने काही बिघडत नाही आणि उद्या ती क्वेरी वाचणाऱ्याला अंदाज लावावा लागत नाही. वर इज नलच्या उदाहरणात मी कंस घातलाय तो याचसाठी, तो नसेल आणि पुढे अँड लावून अजून अट जोडली तर अर्थच बदलतो.

दोन टेबलं जोडल्यावर

लेफ्ट जॉइन म्हणजे डावीकडचे सगळे ठेव आणि उजवीकडे जुळणारं मिळालं तर शेजारी लाव, नाही मिळालं तर तिथे नल ठेव. सगळे सभासद आणि त्यांनी २०२४ मध्ये नेलेली पुस्तकं अशी यादी हवी असेल तर हेच वापरायचं.

पण तारखेची अट लोक शेवटी व्हेअरमध्ये टाकतात. ज्याने पुस्तक नेलंच नाही त्याच्या शेजारी तारखेच्या जागी नल आहे, नल २०२४ मध्ये येतो का? माहीत नाही. बाहेर. जे सभासद मुद्दाम लेफ्ट जॉइन लावून राखले होते तेच गेले. ही अट जॉइनच्या ऑन मध्ये, म्हणजे कशावरून जोडायचं ते लिहितो त्या जागी हवी, म्हणजे जोडताना बघितली जाते आणि डावीकडची ओळ राहते.

जोडण्यामुळे ओळी वाढतात तेही बघा. एकाने पाच पुस्तकं नेली की त्याच्या पाच ओळी. मग डिस्टिंक्ट टाकून नकोशा दुप्पट ओळी पुसल्या जातात. कधी ते बरोबर असतं पण बहुतेक वेळा ओळी का वाढल्या ते न शोधता त्यावर झाकण घालणं असतं. फक्त "नोंद आहे का" एवढंच हवं असेल तर जोडूच नका, एक्झिस्ट्सने काम होतं.

गट, तारखा आणि वेग

पाचपेक्षा कमी पुस्तकं नेलेले वगळायचे असतील तर व्हेअर चालत नाही, कारण व्हेअर चालतं तेव्हा मोजणी झालेलीच नसते. आधी व्हेअर, मग गट पाडणं (इथे एका सभासदाच्या सगळ्या ओळी म्हणजे एक गट), मग मोजणी आणि त्यानंतर गटांवरची अट, तिला हॅविंग म्हणतात. ओळ वगळायची तर व्हेअर, गट वगळायचा तर हॅविंग.

तारखेत एक चूक फार सापडते. १ जानेवारी ते ३१ जानेवारी असं बिटवीन, म्हणजे 'या दोन्हींच्या दरम्यान', लावून मागितलं आणि कॉलममध्ये वेळसुद्धा साठवलेली असेल तर ३१ तारीख म्हणजे ३१ च्या मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं, त्यानंतरचा ३१ चा आख्खा दिवस गळतो. १ जानेवारीपासून पुढे आणि १ फेब्रुवारीच्या आधी, असं लिहा.

याने वेगही वाढतो. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची. तारखांची सूची लावलेली असेल आणि आपण "२०२४-०१-०१ पासून पुढे" म्हटलं तर डेटाबेस थेट त्या जागी उघडतो. पण "तारखेतून वर्ष काढ आणि ते २०२४ आहे का बघ" म्हटलं तर सूचीत तारखा आहेत, वर्षं नाहीत, त्यामुळे साधारणपणे प्रत्येक ओळ उघडून बघावी लागते. "नाही"वाल्या अटींना सूचीचा उपयोग तसाही कमीच, कारण बहुतेक ओळी नको नसतात, हव्याच असतात, आणि जवळपास सगळं पुस्तक वाचायचंच असेल तर सूची कशाला उघडायची.

"मग नलच ठेवू नका ना"

बरोबर आहे, ठेवू नका. कॉलमला नॉट नल लावता येतं, म्हणजे कोरा ठेवून ओळ आत जातच नाही. स्थितीसारख्या कॉलमला ते लावायलाच हवं होतं, आमच्या त्या यादीत तेवढं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण सगळीकडे जमत नाही. पुस्तक परत केल्याची तारीख, ते परत येईपर्यंत कोरीच असणार, तिथे खोटी तारीख भरणं जास्त धोक्याचं. शिवाय टेबलात एकही नल नसला तरी लेफ्ट जॉइन स्वतःच नल तयार करतो.

"त्यापेक्षा सगळं एक्सेलमध्ये आणतो आणि तिथे काढतो"

थोडा डेटा असेल तर आणा, डोळ्यांनी बघता येतं हा फायदाच आहे. पण एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळींच्या पुढे जागा नाही. आणि तिथे कोरा सेल 'बंद'च्या बरोबर नाही म्हणजे वेगळाच, असं धरलं जातं, त्यामुळे तीच अट डेटाबेसमध्ये ५५० देते आणि एक्सेलमध्ये ७००. दोन माणसं दोन आकडे घेऊन भांडत बसतात, दोघांनी केलेलं आपापल्या जागी नियमाप्रमाणेच असतं.

"आता एआय क्वेरी लिहून देतं"

देतं, आणि व्याकरण बऱ्यापैकी सांभाळतं. पण तुमच्या टेबलात कोरा रकाना म्हणजे "अजून भरायचाय" की "लागू नाही" की "माणसाने सांगायला नकार दिला", हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार? कोऱ्यांना ठेवायचं की वगळायचं हा तुमच्या कामाचा निर्णय आहे, भाषेचा नाही. तो मागतानाच स्पष्ट लिहा.

हे एवढं जीव तोडून का सांगतोय

कारण गळणाऱ्या ओळी सगळ्यांच्या सारख्या प्रमाणात गळत नाहीत. कोरे रकाने कुणाचे असतात? जे नवीन आलेत त्यांचे, ज्यांचा फॉर्म कुणीतरी घाईत भरला त्यांचे, ज्यांच्याकडे एखादा कागद नव्हता त्यांचे. म्हणजे ज्यांच्यापर्यंत आधीच कमी पोचतं, तेच यादीतून परत बाहेर, आणि यादीत नाव नसलेला माणूस तक्रार करायला येत नाही कारण यादी होती हेच त्याला माहीत नसतं.

आणि हेच व्हेअर डिलीटलाही लागतं. सिलेक्टमध्ये ओळ वगळली तर ती टेबलात सुरक्षित राहते, डिलीटमध्ये "हो" आलेली ओळ खरोखर जाते. वरची ती ऑरवाली अट डिलीटला लावली तर स्थिती भरलेला एकही सभासद उरणार नाही. म्हणून डिलीट चालवायच्या आधी तीच अट सिलेक्टला लावून ओळी बघा, आणि डिलीट ट्रान्झॅक्शनच्या आत करा, म्हणजे पक्कं करेपर्यंत बदल कच्चा राहतो आणि आकडा चुकला तर रोलबॅक करून मागे येता येतं.

मी आता कुठलीही वगळणारी यादी देण्याआधी तीन आकडे काढतो. अटीत बसणारे, न बसणारे आणि त्या कॉलममध्ये कोरे असलेले. तिघांची बेरीज टेबलातल्या एकूण ओळींइतकी यायला हवी: ३०० आणि ५५० आणि १५०, हजार. तिसरा आकडा शून्य नसेल तर यादी पाठवायच्या आधी, ज्याने ती मागितली त्याला फोन करून विचारतो की या दीडशेंचं काय करायचं.